प्रकाशाचा सॉलिटॉन आणि लिन मॉलेनॉअर यांचं संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. करणारे विद्यार्थी, टेलिकॉममधले इंजिनिअर आणि विज्ञानाची आवड असलेले वाचक सॉलिटॉनबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या दूरसंचार प्रयोगशाळेचे भौतिकशास्त्रज्ञ लिन मॉलेनॉअर यांची कारकीर्द मुद्दाम मध्यभागी ठेवली आहे. सॉलिटॉनचं समीकरण कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतं. ते प्रत्यक्ष काचेत उतरवायला किती वर्षं गेली, आधी कुठली यंत्रं बनवावी लागली आणि एक अडचण सुटली की दुसरी कशी समोर आली, हे तिथे सहसा सापडत नाही.

ऑप्टिकल सॉलिटॉन म्हणजे नेमकं काय?

फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यातून, लांबवर जाऊनही ज्याचा आकार बदलत नाही, असा प्रकाशाचा स्पंद (पल्स).

एरवी असं होत नाही. स्पंद जितका आखूड, तितक्या जास्त तरंगलांबी त्यात मिसळलेल्या असतात आणि काचेत प्रत्येक तरंगलांबीचा वेग थोडा वेगळा असतो. त्यामुळे स्पंद पसरत जातो. हेच अपस्करण. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात लोलकातून सात रंग वेगळे होताना दाखवतात, त्याचंच हे भावंड. फक्त इथे रंग वेगवेगळ्या दिशांना न जाता मागेपुढे होतात.

याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट घडते. प्रकाश तीव्र असला की काचेचा अपवर्तनांक किंचित वाढतो. त्यामुळे स्पंदाचा पुढचा भाग तांबड्या बाजूला सरकतो आणि मागचा निळ्या बाजूला. सिलिका काचेत १.३ मायक्रॉनच्या पलीकडे निळ्या बाजूचा प्रकाश तांबड्यापेक्षा वेगाने धावतो. म्हणजे पुढचा भाग मंदावतो आणि मागचा वेग धरतो. वारीच्या वाटेवर दिंडीतल्या पुढे गेलेल्यांची चाल आपोआप धिमी व्हावी, मागे राहिलेल्यांचे पाय आपोआप उचलले जावेत आणि दिंडी कुठेही विस्कटू नये, तसंच हे. अपस्करणाची पसरवण्याची ओढ आणि तीव्रतेची आवळण्याची ओढ बरोबर तुल्यबळ झाली की सॉलिटॉन तयार होतो.

प्रकाशामुळे काच बदलते, पण किती?

हा आकडा मला या सगळ्या विषयातला सर्वांत थक्क करणारा वाटतो. फायबरच्या गाभ्यात साधारण १ वॅट शक्तीचा प्रकाश कोंडला, तर काचेच्या अपवर्तनांकात दहा अब्जांत तीन इतका फरक पडतो. दशांशचिन्हानंतर थेट दहाव्या स्थानावर! टेबलावर ठेवलेल्या काचेच्या तुकड्यात हा फरक जाणवणारही नाही. पण फायबर शेकडो मीटर लांब असतो आणि प्रकाश एवढा सगळा वेळ त्याच बारीक गाभ्यात बंदिस्त असतो. ७०० मीटरमध्ये हा नगण्य फरक साठत साठत तरंगाच्या कलेत (फेजमध्ये) जवळपास एक रेडियनचा बदल घडवतो. सॉलिटॉनला तेवढा पुरतो.

तीव्र प्रकाशामुळे पदार्थाचं वागणं बदलतं याचा अभ्यास करणाऱ्या शाखेची, म्हणजे नॉनलिनिअर (अरेषीय) ऑप्टिक्सची, सुरुवात कधी झाली?

विद्युतक्षेत्रामुळे काचेचे प्रकाशीय गुणधर्म बदलतात हे जॉन केर यांनी १८७५ मध्ये दाखवलं होतं. प्रकाशातही विद्युतक्षेत्र असतंच, तेव्हा पुरेसा तीव्र प्रकाश स्वतःच हे करू शकेल. पण इतका तीव्र प्रकाश लेझर येईपर्यंत हाती नव्हता. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवला. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी माणकाच्या लेझरचा ६९४ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश क्वार्ट्झमधून पाठवला आणि त्यातून बरोबर अर्ध्या तरंगलांबीचा, ३४७ नॅनोमीटरचा प्रकाश मिळाला. छायाचित्रात तो एवढासा ठिपका होता. शोधनिबंध छापताना तो धुळीचा डाग समजून पुसला गेला आणि नॉनलिनिअर ऑप्टिक्सचा पहिला पुरावा दाखवणारं चित्र त्या पुराव्याविनाच छापून आलं.

सॉलिटॉन पहिल्यांदा कालव्यातल्या लाटेत दिसला, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. १८३४ च्या ऑगस्टमध्ये एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यात घोड्यांनी ओढलेली एक बोट अचानक थांबली. तिच्या नाकाशी साठलेलं पाणी एकाच उंचवट्याच्या रूपात पुढे निघालं आणि मोडेना. जॉन स्कॉट रसेल यांनी घोड्यावरून मैल-दोन मैल त्या लाटेचा पाठलाग केला. डच गणितज्ञ कोर्तेवेग आणि द व्रीस यांनी १८९५ मध्ये तिचं समीकरण मांडलं. १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांना संगणकावर दिसलं की अशा दोन लाटा एकमेकींवर आदळूनही जशाच्या तशा बाहेर पडतात. सॉलिटॉन हे नाव त्यांनीच दिलं. प्रकाशाच्या स्पंदाला लागू पडणारं समीकरण मात्र वेगळं आहे, नॉनलिनिअर श्रोडिंजर समीकरण. ते झाखारोव आणि शबात या रशियन शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये सोडवून दाखवलं.

फायबरमध्ये सॉलिटॉन धावेल हे कोणी सांगितलं? आणि तो दिसायला सात वर्षं का लागली?

१९७३ मध्ये बेल लॅब्जमधल्या अकिरा हासेगावा आणि फ्रेड टॅपर्ट यांनी. हासेगावा मूळचे प्लाझ्मा भौतिकशास्त्रातले, त्यामुळे अशा समीकरणांशी त्यांचा सराव होता. टॅपर्ट यांनी संगणकावर ती सोडवण्याची रीत बसवली.

सिद्धांत तयार होता, पण तो पडताळायला ना फायबर होता ना लेझर. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने बनवलेल्या नावाजलेल्या फायबरमध्ये दर किलोमीटरला २० डेसिबलच्या आत क्षय होता. म्हणजे किलोमीटरभरानंतर जेमतेम शंभरावा हिस्सा प्रकाश उरणार. सॉलिटॉनला लागणाऱ्या १.५५ मायक्रॉनच्या पट्ट्यात किलोमीटरला ०.२ डेसिबलपर्यंत उतरलेला फायबर जपानमध्ये १९७९ साली बनला. त्यात किलोमीटरभरानंतरही सुमारे ९५ टक्के प्रकाश शिल्लक राहतो. फायबरचा प्रश्न असा सुटत आला. लेझरचं उत्तर मॉलेनॉअर यांच्या प्रयोगशाळेत होतं.

मॉलेनॉअर सॉलिटॉनकडे कसे वळले?

स्फटिकांमार्गे. कॉर्नेल विद्यापीठात शिकून त्यांनी १९६५ च्या सुमारास स्टॅनफर्डमधून पीएच.डी. घेतली, काही वर्षं बर्कलीत शिकवलं आणि १९७२ मध्ये ते बेल लॅब्जमध्ये दाखल झाले. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता क्षारांच्या स्फटिकांमधली रंगकेंद्रं. पोटॅशियम क्लोराइडसारख्या स्फटिकात एखाद्या ठिकाणचा क्लोराइड आयन गायब असतो आणि त्या मोकळ्या जागेत एक इलेक्ट्रॉन अडकून बसतो. त्या इलेक्ट्रॉनमुळे पारदर्शक स्फटिकाला रंग चढतो. अशी केंद्रं रुंद पट्ट्यात प्रकाश सोडतात. त्यामुळे त्यांचा लेझर केला, तर वाद्य सुरात लावावं तशी हवी ती तरंगलांबी लावून घेता येते. सत्तरच्या दशकात मॉलेनॉअर यांनी असे लेझर उभे केले. स्फटिक द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे ७७ केल्विनला ठेवावे लागत. तो सांभाळायला किचकट प्रकार होता. पण १.५ मायक्रॉनच्या आसपास काही पिकोसेकंदांचे (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) स्वच्छ स्पंद देणारं दुसरं साधन तेव्हा जवळजवळ नव्हतंच.

या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या मते हीच. इतरांकडे प्रश्न होता. मॉलेनॉअर यांच्याकडे तो विचारता येईल असं यंत्र होतं, आणि ते त्यांनी स्वतः घडवलेलं होतं.

१९८० च्या प्रयोगात काय दिसलं?

मॉलेनॉअर, रॉजर्स स्टोलन आणि जेम्स गॉर्डन असे तिघे होते. स्टोलन फायबरमधल्या अरेषीय परिणामांचे जाणकार. गॉर्डन सिद्धांताच्या बाजूचे. चार्ल्स टाउन्स यांच्याबरोबर १९५४ मध्ये पहिला मेसर (लेझरचा सूक्ष्मलहरींवर चालणारा पूर्वज) चालवणाऱ्या तिघांपैकी ते एक. स्थळ न्यू जर्सीतलं होमडेल. तिथल्या वाचकांना बेल लॅब्जची ती भव्य काचेची इमारत आज बेल वर्क्स या नावाने माहीत असेल.

त्यांनी १.५५ मायक्रॉनचे ७ पिकोसेकंदांचे स्पंद ७०० मीटर फायबरमध्ये सोडले. शक्ती हळूहळू वाढवत नेली आणि दुसऱ्या टोकाला काय निघतं ते पाहिलं. ०.३ वॅटला स्पंद अपस्करणामुळे रुंदावून आला. १.२ वॅटला तो आत गेला तेवढ्याच रुंदीचा बाहेर आला. ५ वॅटला तो चक्क आवळून, आत गेला त्याहून आखूड होऊन निघाला. ११.४ वॅटला फुटला आणि २२.५ वॅटला त्याचे आणखी तुकडे झाले.

आता हे आकडे सिद्धांताशेजारी ठेवून पाहा. आकार न बदलणाऱ्या पहिल्या पातळीच्या सॉलिटॉनला जेवढी शक्ती लागते, त्याच्या चौपट दुसऱ्या पातळीच्या सॉलिटॉनला, नऊपट तिसऱ्याला आणि सोळापट चौथ्याला लागते (वरच्या पातळीचे सॉलिटॉन वाटेत आवळतात, फुटतात आणि ठराविक अंतरावर पुन्हा मूळ रूपात येतात). १.२ ची चौपट ४.८, नऊपट १०.८, सोळापट १९.२. प्रयोगातले आकडे जवळपास त्याच पायऱ्यांनी चढतात. कागदावरची पूर्ण वर्गसंख्यांची मालिका काचेच्या धाग्यातून बाहेर आली, हे त्या प्रयोगाचं खरं सौंदर्य.

७ पिकोसेकंद मोजले कसे?

एवढ्या अल्प काळात प्रकाश हवेत साधारण २ मिलिमीटर जातो. त्या वेळचा कुठलाही साधा डिटेक्टर इतका चपळ नव्हता. म्हणून स्पंदाचीच मोजपट्टी करतात. त्याचे दोन भाग करायचे, एकाचा रस्ता आरसा सरकवून थोडा लांबवायचा आणि दोन्ही पुन्हा एका स्फटिकात एकत्र आणायचे. दोघे एकाच वेळी पोहोचले तरच अर्ध्या तरंगलांबीचा प्रकाश जोरात निघतो. आरसा किती सरकवल्यावर तो मावळतो त्यावरून स्पंदाची रुंदी कळते. या रीतीला ऑटोकोरिलेशन म्हणतात. फ्रँकन यांचा तो पुसला गेलेला ठिपका इथे रोजच्या वापरातलं हत्यार बनला आहे.

सॉलिटॉन लेझर काय होता?

१९८४ मध्ये मॉलेनॉअर आणि स्टोलन यांनी कलर सेंटर लेझरमधून निघालेला थोडा प्रकाश फायबरमधून फिरवून परत लेझरमध्ये सोडला. फायबरमध्ये स्पंद आवळला जाई आणि तो आवळलेला स्पंद लेझरला पुढचा स्पंद आणखी आखूड करायला भाग पाडी. अशा तऱ्हेने ०.२१ पिकोसेकंदांपर्यंत मजल गेली.

इतके आखूड स्पंद हातात आल्यावर १९८६ मध्ये फेडोर मिट्श्के आणि मॉलेनॉअर यांना एक नवीच गोष्ट आढळली: फायबरमधून जाताना सॉलिटॉनची तरंगलांबी आपोआप तांबड्या बाजूला सरकत राहते. स्पंदातले निळ्या बाजूचे घटक रामन परिणामाने आपली ऊर्जा तांबड्या बाजूच्या घटकांना देत असतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेला तोच हा परिणाम. गॉर्डन यांनी गणित मांडून दाखवलं की स्पंदाची रुंदी निम्मी केली तर हे सरकणं सोळापट वाढतं.

प्रयोगशाळेत बसून ४,००० किलोमीटर कसे पार केले?

सुमारे ४२ किलोमीटर फायबरचं एक वेटोळं करून. १९८८ मध्ये मॉलेनॉअर आणि के. स्मिथ यांनी ५५ पिकोसेकंदांचे सॉलिटॉन त्यात सोडले आणि ते शंभरेक फेऱ्या फिरत राहिले. एवढा प्रवास व्हायला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो.

खरी अडचण क्षयाची होती. किलोमीटरला ०.२ डेसिबल धरलं तरी एका फेरीनंतर सातवा हिस्साच उरला असता आणि शक्ती घटली की सॉलिटॉनचा तोल गेलाच. त्यावर हासेगावा यांनी सुचवलेला उपाय वापरला. त्याच फायबरमध्ये दुसरा, थोड्या कमी तरंगलांबीचा प्रकाश सोडायचा. रामन परिणामाने तो आपली ऊर्जा वाटेतच सॉलिटॉनला देत राहतो. फायबर स्वतःच वर्धक (अँप्लिफायर) बनतो. तोपर्यंत समुद्राखालच्या केबलमध्ये ठराविक अंतरांवर प्रकाशाचं विजेत आणि विजेचं पुन्हा प्रकाशात रूपांतर करणारी यंत्रं बसवावी लागत. इथे प्रकाश शेवटपर्यंत प्रकाशच राहिला.

मग अडलं कुठे?

वर्धकाच्या गोंगाटात. कुठलाही वर्धक सिग्नलबरोबर थोडा विस्कळीत प्रकाश मिसळतोच. तो सॉलिटॉनची वारंवारता कधी किंचित वर, कधी किंचित खाली ढकलतो. वारंवारता बदलली की फायबरमध्ये वेग बदलतो आणि वेग बदलला की स्पंद ठरल्या वेळेच्या थोडा आधी किंवा नंतर पोहोचतो. हजारो किलोमीटरवर ही चूक साठत जाऊन एका बिटची जागा दुसऱ्याला मिळते. हे १९८६ मध्ये गॉर्डन आणि एमआयटीचे हर्मन हाऊस यांनी दाखवलं. पोहोचण्याच्या वेळेतलं प्रचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतं: अंतर दुप्पट, तर प्रचरण आठपट. स्वतःच्या गटाच्या स्वप्नावर मर्यादा घालणारं हे गणित त्याच गटातल्या गॉर्डन यांनी मांडलं, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तोडगा म्हणून वाटेत ठराविक वारंवारतेचाच प्रकाश जाऊ देणारे फिल्टर बसवता येतात; भरकटणाऱ्या सॉलिटॉनला ते मधोमध खेचून आणतात. पण फिल्टरच्या बरोबर मधल्या वारंवारतेचा गोंगाटही बिनअडथळा पुढे जातो आणि वाढत राहतो. यावर मॉलेनॉअर, गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये काढलेली युक्ती फार देखणी आहे. प्रत्येक पुढच्या फिल्टरची मधली वारंवारता त्यांनी मागच्यापेक्षा किंचित सरकती ठेवली. सॉलिटॉन अरेषीय असल्यामुळे स्वतःची वारंवारता बदलत फिल्टरच्या मागे मागे जाऊ शकतो. गोंगाटाच्या क्षीण प्रकाशाला ते जमत नाही, तो जिथल्या तिथे राहतो आणि पुढच्या फिल्टरांत गळून पडतो. एकच केबल सॉलिटॉनला पारदर्शक आणि गोंगाटाला अपारदर्शक झाली!

आपलं इंटरनेट सॉलिटॉनवर चालतं का?

नाही. १९८७ मध्ये अर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या फायबरचे वर्धक आले, पाठोपाठ एकाच फायबरमध्ये अनेक तरंगलांबी चालवण्याची पद्धत रुळली आणि साध्या स्पंदांवरच काम भागू लागलं. पुढे २०१० च्या सुमारास अपस्करणाची भरपाई करणाऱ्या डिजिटल चिप रिसीव्हरमध्येच बसल्या. स्पंद वाटेत पसरला तरी शेवटी गणिताने तो पुन्हा गोळा करता येतो म्हटल्यावर सॉलिटॉनची बाजू लंगडी पडली.

मग ही मेहनत वाया गेली का?

मुळीच नाही, आणि हे मी दिलासा म्हणून लिहीत नाही. फायबरलाच वर्धक बनवणारं रामन तंत्र आजच्या लांब पल्ल्याच्या जाळ्यांत वापरलं जातं. वर्धकाचा गोंगाट आणि अरेषीयता एकत्र आल्यावर काय होतं, याची समज या कामातूनच पक्की झाली. फेम्टोसेकंद (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) इतक्या आखूड स्पंदांच्या फायबर लेझरांत सॉलिटॉन रोज काम करतो. आणि २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या टोबियास किपनबर्ग यांच्या गटाने मॅग्नेशियम फ्लोराइडच्या छोट्या वलयात अखंड फिरणारे सॉलिटॉन तयार केले. अशा सॉलिटॉनमधून एकाच वेळी शेकडो समान अंतरावरच्या वारंवारता निघतात. त्याला फ्रीक्वेन्सी कोंब (इंग्रजी comb, म्हणजे कंगवा) म्हणतात. २०१७ मध्ये अशाच सॉलिटॉन कोंबांतल्या १७९ वारंवारतांवरून ७५ किलोमीटर फायबरमध्ये सेकंदाला ५० टेराबिटहून जास्त माहिती पाठवून दाखवली गेली. सॉलिटॉन दूरसंचारात परतला तो माहिती वाहणारा स्पंद म्हणून नाही, प्रकाशाचा स्रोत म्हणून.

या कामाला नोबेल मिळालं का?

फायबरमधल्या सॉलिटॉनला नाही. शेजारच्या विषयांना मिळालं: १९८१ मध्ये निकोलास ब्लोम्बर्गन (लेझर स्पेक्ट्रोस्कोपी), २००५ मध्ये जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श (फ्रीक्वेन्सी कोंब), २००९ मध्ये चार्ल्स काओ (फायबर). मॉलेनॉअर यांना अमेरिकेच्या ऑप्टिकल सोसायटीचे वुड पारितोषिक (१९८२) आणि टाउन्स पुरस्कार (१९९७) मिळाले.

भारतात या विषयात संशोधन करता येतं का?

नक्की. फायबरमधल्या अरेषीय ऑप्टिक्सचं जगभर वापरलं जाणारं पाठ्यपुस्तक लिहिणारे गोविंद अग्रवाल आयआयटी दिल्लीचे पीएच.डी. (१९७४) आहेत. ऐंशीच्या दशकात तेही बेल लॅब्जमध्ये होते आणि १९८९ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात गेले. आपल्याकडे लेझर आणि प्रकाशावरचं संशोधन मुंबईच्या टीआयएफआर आणि आयआयटीत, पुण्याच्या आयसरमध्ये आणि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात चालतं. खास प्रकारचे फायबर कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेत बनतात. पीएच.डी.साठी जेस्ट, गेट आणि सीएसआयआर नेट या प्रवेश परीक्षांचे मार्ग आहेत.

बी.एस्सी.च्या मुलांना माझं एकच सांगणं: फूरिए रूपांतर हातात मुरेपर्यंत करा आणि प्रयोगशाळेत आरसे जुळवण्याचा कंटाळा करू नका. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी इंग्रजीचा धसका घेऊ नये. अपवर्तनांक आणि अपस्करण ज्याला शाळेत नीट समजलं, त्याचा पाया तयार आहे.

घरच्या संगणकावर सॉलिटॉन पाहता येईल का?

येईल, साध्या लॅपटॉपवरही. टॅपर्ट यांनी रुळवलेली स्प्लिट-स्टेप फूरिए रीत पायथॉनमध्ये पन्नासेक ओळींत बसते. फायबरचे छोटे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात अपस्करण वारंवारतेच्या बाजूने लावायचं आणि अरेषीयता काळाच्या बाजूने. सुरुवातीचा स्पंद हायपरबोलिक सीकंट आकाराचा घ्या आणि त्याची उंची, म्हणजे सॉलिटॉनची पातळी, १ ठेवा. आकार हलणार नाही. अरेषीय पद काढून टाका, स्पंद पसरेल. पातळी २ किंवा ३ केली की तो आवळतो, फुटतो आणि ठराविक अंतरावर पुन्हा मूळ रूपात येतो. १९८० च्या प्रयोगातल्या पायऱ्या पडद्यावर दिसतात. मग पातळी १.२ ठेवून पाहा: स्पंद जास्तीचा प्रकाश बाजूला टाकून स्वतःला सावरतो आणि सॉलिटॉन होतो. ०.५ च्या खाली मात्र सॉलिटॉन बनतच नाही. काळाच्या अक्षाच्या दोन्ही टोकांना प्रकाश शोषून घेणारी सीमा घाला, नाहीतर बाजूला टाकलेला प्रकाश दुसऱ्या टोकाने आत येऊन सगळं चित्र बिघडवतो.